मागच्या दारापासून काठापर्यंत

२ जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तक्रारअर्जच. नदी तीच, पाणी तेच, मग समोरच्या होडीवाल्या सुताराला दरवर्षी आयती जमीन मिळते आणि आपल्याला मूठभर मातीही मिळत नाही, हा कुठला न्याय, असं तू विचारतेस. एकोणतीस वर्षं मी या नदीचा गाळ मोजतोय, आणि घरातल्या माणसाने मला माझ्या कामातलं काही विचारायची ही पहिलीच वेळ. तेव्हा आता ऐकून घे.

नदी माती उचलते ती अंगातल्या जोरावर. पाणी पळत असतं तोवर गोटे, रेती, माती, सगळं घेऊन पळतं. जोर कमी झाला की हातातलं सोडावं लागतं, आणि ते आधी जड सोडतं. म्हणून डोंगर संपतो तिथे गोटे दिसतात, पुढे रेती, त्याच्या पुढे बारीक वाळू. इथे माझ्यापर्यंत, समुद्राच्या तोंडाशी, जे पोचतं ते पिठापेक्षा बारीक असतं. ते गोड पाण्यात नुसतं तरंगत राहतं. खारं पाणी लागलं की त्याचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. मी काय करतो, तर रोज सकाळी सातला आणि दुपारी चारला पुलावरून दोरीने बाटली सोडतो, पाणी भरून आणतो, फळीवर ठेवतो. दुसऱ्या दिवशी वर नितळ पाणी आणि खाली नखाएवढा थर. तो गाळायचा, वाळवायचा, तोलायचा, वहीत लिहायचा. माणसं विचारतात काय काम करता, तेव्हा मी सरकारी नोकरी एवढंच सांगतो.

आता तुझा न्याय. आपण लहानपणी हात धरून गोल फिरायचो तेव्हा बाहेरच्याला धावावं लागायचं आणि आतला जागच्या जागी वळायचा. नदी वळते तेव्हा तसंच. बाहेरच्या काठाशी पाणी जोरात, आतल्या काठाशी मंद. आतला काठ सुताराचा. तिथे पाणी दमतं आणि आणलेलं ठेवून जातं. बाहेरचा काठ आपला. तिथे ते काही ठेवत नाही, फक्त असलेलं नेऊ नये एवढंच आपण बघायचं. म्हणून तर दर जूनला मी तुझ्याकडे आकडा मागतो. तू भाऊजींच्या मागे आईबाबांच्या घरी राहायला आलीस त्या वर्षापासून माझ्या वहीत अकरा आकडे आहेत आणि अकराही चाळीस. या वर्षीचा पाठव. मागच्या दाराच्या उंबऱ्यापासून काठापर्यंत, नेहमीसारखी पावलं. चाळीस आला की मी वर्षभर निर्धास्त.

इथे सगळं ठीक. साहेब, नावाडी आणि मी, संध्याकाळी पत्ते पडतात. नावाडी अजून पत्ता लपवतो आणि पकडला गेला की खोकतो. दोन खोल्या आहेत, ये म्हणतो तर येत नाहीस.

तुझा धाकटा

१० जून

धाकट्या,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं पण पटलं नाही. जो जागच्या जागी वळतो त्याला द्यायचं आणि जो धावतो त्याचं न्यायचं, हा कारभार आपल्या आत्याच्या सासूचा वाटतो.

आज सकाळी मोजलं. एक्केचाळीस. हो, एक जास्त. तुझ्या वहीचा धाक बसून नदी मागे सरकली असेल. लिही वहीत, आणि निर्धास्त राहा.

मी ठणठणीत आहे. गुडघा जरा कुरकुरतो, पण घरात कुरकुरणारं कुणीतरी हवंच. पाच कोंबड्या आहेत, त्यातली एक अंडी लपवते, तुमच्या नावाड्याची बहीण असावी. वरच्या अंगाची शेजारीण दिवसाआड येते आणि अर्धा तास सुनेबद्दल बोलते. मी हूं हूं करते. ती गेली की घर फार शांत होतं, मग मी भांडी पुन्हा घासते.

येत नाहीस म्हणतोस. घर कुणाच्या भरवशावर टाकून येऊ? पुढच्या वर्षी तू निवृत्त होशील आणि बोचकं घेऊन इथेच येशील. रस्त्याकडची खोली तुझी आहे, तिचा पंखा दुरुस्त करून घेतला. तोवर राखते घर. तू आलास त्याला आठ वर्षं झाली, तेव्हा पंखा कुठला असं विचारू नकोस.

साहेबांना नमस्कार. नावाड्याला म्हणावं, गुळण्या कर.

ताई

१८ जून

ताई,

एक्केचाळीस वहीत लिहिला नाही. बाहेरचा काठ एक पाऊलसुद्धा परत देत नाही, हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. तू मोजताना चुकली असशील, किंवा शेजारीण मध्येच बोलली असेल. पुन्हा मोज.

आणि दोन गोष्टी सांग. सुताराचा लाकडी धक्का अजून पाण्यात आहे का? आणि नदी पहिल्यापेक्षा अरुंद वाटते का? त्याच्याकडे एवढी जमीन साठली असेल तर मधलं पाणी कमी व्हायला हवं. उगाच विचारतोय, काळजीचं काही नाही.

इकडे पाणी चढायला लागलंय. आता बाटल्या तळाशी दुधाच्या सायीसारखा जाड थर देतात. काल तीनशे अठरा नंबरची बाटली हातातून सुटली आणि फुटली. दिवसभर चुटपुट लागून राहिली. दुपारी तिच्या जागी दुसरी ठेवली, तरी फळीकडे बघवेना. काय लिहितोय मी. पावसाळ्यात डोकं असंच होतं.

आठ वर्षांचं म्हणालीस ते बरोबर आहे. एक दिवस जरी नमुना चुकला तरी वर्षाचा हिशेब लंगडा होतो, म्हणून निघता येत नाही. बाकी काही कारण नाही. बाकी मजेत. नावाडी कालही खोकला.

धाकटा

२७ जून

धाकट्या,

तू मला पावलं मोजायला शिकवणार? तुला चालायला मी शिकवलं. आई अंथरुणाला खिळलेली, आणि तू एक वर्षाचा झालास तरी ढिम्म बसून. मीच तुला ओसरीवर काखेत धरून चालवायची. पुन्हा मोजलं, दोनदा. एक्केचाळीस आणि एक्केचाळीस.

सुताराचा धक्का पाण्यात आहे, पण हा तिसरा. पहिला आता त्याच्या बायकोच्या भाजीच्या वाफ्यात उभा आहे, त्यावर तिने भोपळ्याचा वेल चढवलाय. दुसरा वाळूत रुतलाय, त्याच्यावर त्याची होडी उलटी घालून तो डांबर लावतो. नदी मात्र होती तेवढीच रुंद. मी इकडून हाक मारली तर त्याला पूर्वीसारखीच ऐकू जाते, आणि तो पूर्वीसारखंच ऐकू न आल्याचं सोंग करतो.

गुडघ्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. लिहिणार नव्हते, पण शेजारीण तुला पत्र घालेन म्हणते, त्यापेक्षा मीच सांगते. मे महिन्यात जरा पडले. मोडलं वगैरे काही नाही. बाई म्हणाल्या, बसून राहिलात तर बसूनच राहाल, रोज चाला. बाहेर चिखल, म्हणून घरातच फेऱ्या घालते. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत चोवीस पावलं, अशा वीस खेपा. कोंबड्या दारात ओळीने बसून बघतात. एवढं चालून पोचत कुठेच नाही, हे त्यांनाही कळतं.

नावाडी खोकतो हे तू गेल्या दोन्ही पत्रांत लिहिलंस. त्या आधीच्या हिवाळ्यातही लिहिलं होतंस. त्या माणसाचं दुसरं काही होत नाही का?

ताई

४ जुलै

ताई,

हे पत्र मिळेल त्या दिवशी शेजारणीकडे झोपायला जा. आधी ते कर, मग पुढचं वाच.

तू घरी राहायला आलीस तेव्हा आपण मधल्या खोल्यांतून काथ्याची लांब चटई घातली होती. मी टेप लावला, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत बरोबर नऊ मीटर भरलं. तू चालून पाहिलंस आणि म्हणालीस, चौदा पावलं, टेपची काय गरज होती. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं आहे. नऊ मीटर, ताईची चौदा पावलं. त्याच मापावर मी पुढची अकरा वर्षं चाललो.

आज तू लिहितेस चोवीस. घर तर वाढलेलं नाही.

तेव्हा तुझं पाऊल पासष्ट सेंटिमीटरचं होतं. आता साडेसदतीसचं आहे. तेव्हाची चाळीस पावलं म्हणजे सव्वीस मीटर. आजची एक्केचाळीस म्हणजे जेमतेम पंधरा. अकरा मीटर काठ गेला आणि मी दर जूनला चाळीसच्या खाली चाळीस लिहून पेनाला टोपण लावत राहिलो. तू बरोबर मोजलंस. तुझी पावलं लहान होत गेली आणि नदी जवळ येत गेली, दोन्ही इतक्या बेताने की आकडा हललाच नाही. सुताराचे तीन धक्के ऐकले तेव्हाच शंका आली होती. नदीची रुंदी तेवढीच आहे म्हणजे तिकडे साठलं तेवढं इकडून गेलं. तरी मला वाटलं, चाळीस आहे ना, मग ठीक आहे.

पंधरा मीटर म्हणजे पुष्कळ, असं तू म्हणशील. काठ थोडा थोडा जात नाही. पाणी खालून पोखरतं, वरून सगळं जसंच्या तसं दिसतं. पूर चढलेला असतो तोवर पाण्याच्याच आधाराने काठ उभा राहतो. पूर ओसरला की ओला काठ स्वतःच्या वजनाने बसतो, एका वेळी पाच-सहा मीटर. म्हणून पाणी उतरलं म्हणून घरी परत जाऊ नकोस. तेव्हाच जास्त धोका आहे.

मी जगातल्या कुणाच्याही नदीचं सांगू शकतो आणि माझ्या बहिणीचा पाय दुखतो हे मला आकडेमोड करून कळलं. याची मला फार लाज वाटते. तार करणार होतो, पण तार बघूनच तू घाबरशील, आणि तारेत चटईचं कसं सांगणार.

रजेचा अर्ज टाकलाय. मिळाली की निघतो, नाही मिळाली तरी निघतो.

धाकटा

१० जुलै

धाकट्या,

पत्र आलं. शेजारणीकडे गेले नाही. तिची सून, मुलगा, दोन नाती, सगळ्यांच्या मध्ये एक मी. त्या भरल्या घरात पाहुणी होऊन बसायचं माझ्याच्याने होत नाही. रस्त्याकडच्या खोलीत, तुझ्या पलंगावर झोपते.

तू हिशेब छान मांडलास. मला तो माहीत नव्हता. मी पावलं खरीच मोजली होती, एकाही वर्षी खोटा आकडा दिला नाही, एवढं ध्यानात ठेव. पण काठ जवळ आलाय हे मला दिसत नव्हतं असं नाही. माणसाला डोळे असतात. लिंबाचं झाड परवाच्या पावसाळ्यात गेलं. कपडे वाळत घालायचे दोन खांब होते, त्यातला एक गेला. मी दोरी काढून व्हरांड्यात बांधली आणि तुला काही लिहिलं नाही. आकडा चाळीस येत होता, आणि मला तो हवा होता. तुला जसा निर्धास्त राहायला हवा होता तसाच.

कारण घर गेलं की तू मला घेऊन जाशील. तिथे तुझी माणसं आहेत, तुमची संध्याकाळची बैठक आहे. त्यात मी लंगडत येऊन बसायचं, साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची सोडायची, तू दर वेळी उठून बघायचं मी पडले तर नाही ना. नको वाटतं. आणि दुसरं म्हणजे, घर नसेल तर तू पुढच्या वर्षी येणार कुठे? एवढी वर्षं मी कुणासाठी राखलं?

पाणी चढलंय. रजा घेऊन येऊ नकोस, रस्ते धड नाहीत. मला थोडा विचार करू दे.

ताई

१६ जुलै

धाकट्या,

हे पत्र तुला शेजारणीच्या पत्त्यावर मिळेल. मी तुझ्या खोलीत बसून लिहितेय. काल संध्याकाळी पोचले, तू काल सकाळीच निघालास. कुठल्यातरी स्टँडवर आपल्या बस एकमेकींना घासून गेल्या असतील, आणि मी तेव्हा नक्की झोपले असेन.

चौदा तारखेला सकाळी मागचं दार उघडलं आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची भीती वाटली. आपल्याच दारात. कोंबड्या शेजारणीला दिल्या, कुलूप लावलं, किल्ली तिच्याकडे ठेवली आणि निघाले. दीड दिवस, दोन बस. गुडघ्याचं विचारू नकोस.

पुलाच्या फाटकवाल्याने तुझी खोली उघडून दिली. दारात माझंच दहा तारखेचं पत्र पडलेलं, न फोडलेलं. त्याला म्हटलं, साहेबांना सांगा, यांची बहीण आलीय. तो म्हणाला, कुठले साहेब? म्हटलं, नावाडी तरी? साहेब आणि नावाडी दोघांची बदली होऊन चार वर्षं झाली म्हणे. तेव्हापासून इथे तू एकटाच.

खोली बघितली. एक खुर्ची. एक ताट, एक पेला. टेबलावर एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव अर्धा पडलेला. चार वर्षं तू मला थापा मारल्यास, आणि त्याही कल्पना न लढवता, तोच खोकला पुन्हा पुन्हा. इतका राग आला की तू समोर असतास तर कान उपटला असता. मग तुझ्या खुर्चीवर बसले. खिडकीतून पूल दिसतो, पाणी दिसतं आणि पलीकडे काहीच दिसत नाही. रोज हेच बघत जेवायचास?

बाटल्यांचं काम फाटकवाल्याला सांगून गेलास, पण तो म्हणतो मला पाण्याच्या उंचीची पट्टी वाचता येते, बाटली जमत नाही. आज सातला मी सोडली. दोरी त्याने धरली. एक दिवस चुकला की हिशेब लंगडा होतो असं तू लिहिलं होतंस, आणि एका घरात एक लंगडं पुरे.

तू त्या घरात झोपू नकोस. ऐकतोयस ना?

ताई

१७ जुलै

ताई,

काल रात्री उशिरा पोचलो. शेजारणीने दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. ती हसत होती आणि रडतही होती. तू माझ्याकडे निघालीस हे तिच्याकडून कळलं. म्हणजे तू आता माझ्या खोलीत असशील आणि तुला सगळं कळलं असेल. नावाडी नाही, साहेब नाही. पत्ते मी एकटाच लावतो. तुला काळजी नको म्हणून पहिल्यांदा लिहिलं, मग ते बंद करायला जमेना. खरं सांगायचं तर पत्रात ते दोघं असायचे तेवढा वेळ मलाही बरं वाटायचं.

सकाळी टेप लावला. मागच्या दारापासून काठ, अकरा मीटर वीस. जूनपासून आणखी चार मीटर गेला. काठाला समांतर एक चीर पडलीय, बोट जाईल एवढी. पाणी अजून चढलेलं आहे. आजपासून सामान हलवतोय, शेजारणीचा मुलगा मदतीला आहे.

घरात फिरताना एक गोष्ट दिसली. मधल्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, हाताचे डाग आहेत, चुना झिजून चकचकीत झालेला. वीतभर अंतरावर एक, असे मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत. तू भिंतीला धरून चालत होतीस. आणि ठणठणीत म्हणून लिहीत होतीस. मला तुझा राग आला नाही, स्वतःचा आला.

पंखा छान चालतो. मी रात्री शेजारणीच्या ओसरीवर झोपतो.

धाकटा

२२ जुलै

ताई,

घर गेलं.

एकोणीसला पाणी उतरायला लागलं, आणि त्या रात्रीत काठ दोनदा ढासळून उंबऱ्यापर्यंत आला. वीस तारखेला दुपारी बारा-साडेबाराला स्वयंपाकघर आणि मधली खोली एकदम बसली. मोठा आवाज नाही, गोणी टाकावी तसा. मी रस्त्यावर होतो. संध्याकाळी रस्त्याकडची खोलीही कलली, आता तिथे जाता येत नाही. कुणाला काही झालं नाही. सामान बहुतेक निघालं, चटई राहिली. समोरून सुतार हातात ब्रश घेऊन नुसता उभा होता. मग त्याने मला हाक मारून विचारलं, ताई कुठे आहेत? सुखरूप आहेत म्हटलं. त्याने दोन्ही हात जोडले आणि खाली बसला. तुझ्याशी जन्मभर सोंग केलं त्याने, पण तेव्हा त्याला उभं राहवेना.

तुझं पत्र काल मिळालं. तुझी बोलणी वाचून फार बरं वाटलं.

रस्ता दोन ठिकाणी वाहून गेलाय, बस बंद आहेत. डाकेची पिशवी तेवढी सुताराच्या होडीतून पलीकडे जाते, माणसं घेत नाहीत. पंधरा-वीस दिवस तरी लागतील म्हणतात. तोवर इथे तुझ्यासाठी एखादी खोली बघून ठेवतो, शेजारणीच्या वरच्या अंगाला, नदीपासून लांब. तुझी सवयीची माणसं आहेत, कोंबड्या आहेत. माझ्या त्या पुलाजवळच्या खोलीत तू कशी राहशील? एकटेपणाची सवय असलेल्या माणसाजवळ राहणं सोपं नसतं. मी तुला आग्रह करणार नाही. तू म्हणशील तसं करू.

इथून तिथे पाणी पोचायला चार दिवस लागतात. पत्राला पाच. विचित्र वाटतं, नाही?

धाकटा

२८ जुलै

धाकट्या,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम आली. आधी नंतरचं फोडलं.

वाचून मी बाटल्यांच्या फळीसमोर बसून राहिले. रडले, खूप वेळ. फाटकवाला चारच्या बाटलीसाठी दोरी घेऊन आला, दारातून बघून परत गेला आणि अर्ध्या तासाने चहा घेऊन आला. त्याने स्वतःचा पेला आणला होता, कारण इथे एकच आहे हे त्याला ठाऊक होतं.

तू चार दिवस लिहिलंस म्हणून मी हिशेब केला. आपलं स्वयंपाकघर चोवीस तारखेला या पुलाखालून गेलं असणार. त्या दिवशीच्या दोन्ही बाटल्या मीच भरल्या होत्या, गाळायच्या राहिल्या होत्या. काढल्या आणि खिडकीत उजेडाला धरल्या. वाटलं, ओळखू येईल. लग्नाआधी आणि मग ही अकरा वर्षं त्या जमिनीवर मी केर काढला, आई गेली तेव्हा त्याच जमिनीवर बसले होते. नाही ओळखू आली. इतर दिवसांसारखाच करडा गाळ. तोलला, वहीत लिहिला. तुझ्या वहीत माझं अक्षर फार वाकडं दिसतं.

आता खोलीचं. माझ्यासाठी कुठेही खोली बघू नकोस. इतकी वर्षं मी घर राखतेय असं सांगत होते. खरं म्हणजे मला एकटं राहायची भीती वाटायची, आणि तुझ्याकडे यायचीही वाटायची, म्हणून घराचं नाव पुढे करत होते. घर आता नाही. पुढे करायला दुसरं काही नाही माझ्याकडे.

तिथे मला करमत नव्हतं. शेजारीण गेल्यावर मी भांडी पुन्हा घासायची ते विनोद म्हणून लिहिलं होतं, तो विनोद नव्हता. आणि इथेही करमत नाही. सकाळी बाटली, दुपारी बाटली, मध्ये ती खिडकी. बारा दिवसांत मला वेड लागायची पाळी आली, तू चार वर्षं कशी काढलीस? एकटेपणाची सवय झाली म्हणतोस. मी तुला लहानपणापासून ओळखते, तुला कसलीच सवय होत नाही, तू नुसता मूग गिळून बसतोस. मीही तेच केलं. दोघांनी मिळून केलं असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं.

तू आग्रह करणार नाहीस, तर मी करते. मला तुझ्याजवळ राहायचंय. निवृत्त होशील तोवर इथे, मग तू म्हणशील तिथे. दुसऱ्या खोलीतल्या रिकाम्या बाटल्या मी एका भिंतीला लावून घेतल्या, तिथे पलंग बसतो. फाटकवाल्याने इथला एक सुतार बघून दिलाय. खुर्चीही सांगितली आहे.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. रस्ता उघडला की निघ.

ताई